पाव वाटी चणे

कादंबरीतला नायक नायिकेच्या अगदी जवळ आला होता. तिच्या कपाळावरची ओली बट त्याने बोटाने बाजूला सारली, आणि मैनेने वाचता वाचता आपला आवाज आणखी खाली आणला… जवळजवळ श्वासाइतका. “तो म्हणाला,” ती वाचत होती, “तो म्हणाला…”

गुर्रर्र… कुईंऽऽ…

“थांबूया जरा,” हेडफोनमधून आवाज आला.

काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक उठला आणि जाड दार ढकलून आत आला. उंच, किंचित वाकून चालणारा, मान सतत एका बाजूला कललेली. स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत. सकाळी ओळख करून देतानाही मालकिणीने हेच नाव सांगितलं होतं, आणि त्यानेही ते खरं नाव असल्यासारखं मान हलवून स्वीकारलं होतं.

“खुर्ची कुरकुरतेय बहुतेक,” तो म्हणाला. “बदलू या.”

खुर्ची बदलली. मैनेने पुन्हा तोच परिच्छेद घेतला. ती पुस्तकं वाचायची, लोकांच्या कानांसाठी. लहानपणापासून तोंडाला कुलूप नाही म्हणून दादाने तिचं नाव मैना ठेवलं होतं आणि तेच पुढे कामाच्या ठिकाणीही चिकटलं. आज या स्टुडिओतला तिचा पहिला दिवस होता. जाडजूड कादंबरी, तीही प्रेमाची. हे काम नीट झालं तर त्याच लेखिकेची पुढची सगळी पुस्तकं तिच्याकडेच येणार होती. नवी जागा, नवा माईक, पोटात गोळा… आणि तिचं पोट असं, की मनात जरा काही हललं की आधी तेच बोलायला लागायचं.

“तो म्हणाला…”

कुईंऽऽ… गुर्र?

आता कानसेनने तिला चपला काढायला लावल्या. मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. मग भिंतीला कान लावला. “इथून पाण्याची नळी गेलीये का कुठे?” तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मैना काही बोलायच्या आत चक्क गालिच्यावर आडवा झाला आणि जमिनीला कान लावला.

मैनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा भला माणूस धुळीत लोळतोय, आणि आपण नुसत्या बघतोय!

“अहो… ती मी आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“नळी नाही. खुर्ची नाही. माझं पोट आहे ते.”

आता तो हसेल, याची वाट बघत ती उभी राहिली. मागच्या स्टुडिओत असंच झालं होतं. तिथल्या मुद्रकाने तो आवाज सगळ्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकवला होता. त्यानंतर ती तिथे गेली नव्हती.

कानसेन उठून बसला. त्याच्या केसांना गालिच्याचं सूत चिकटलं होतं, आणि हरवलेली गोटी सापडलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा उजळला होता.

“पोट होय! तरीच… खुर्ची एकाच सुरात कुरकुरते हो. हे खालून वर चढत होतं. मी म्हणतोय, नळी प्रश्न कशी काय विचारेल?”

मैनेला हसू फुटलं. आवरेना. तोही हसला, पण तिला नाही, तिच्याबरोबर. हा फरक तिला बरोबर कळला.

“भूक लागलीये का?”

“नाही. ती मोठी गोष्ट आहे.”

“मग थोडी थोडी सांगा,” तो कपडे झटकत म्हणाला. “पुस्तक बरंच जाड आहे.”

त्या गोष्टीचा पुढचा भाग पावसाने सांगायला लावला. स्टुडिओचं छत पत्र्याचं होतं. सरी जोरात आल्या की माईकला दुसरं काही ऐकूच यायचं नाही, मग दोघं चहाच्या ओट्यापाशी जाऊन बसायची. तिथे एक अरुंद बाक होता, आणि बाकावर दोन माणसं बसली की मध्ये डबे ठेवण्यापुरतीच जागा उरायची. मैनेच्या डब्यात भात, उकडलेलं अंडं आणि गाजर. त्याच्या डब्यात काबुली चणे, लिंबू पिळलेले, वर मिरपूड.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही मघापासून माझ्याकडे बघताय की डब्याकडे?”

“डब्याकडे.”

“वाटलंच. घ्या ना.”

“नको… मला चालत नाहीत.” आणि तिचा स्वर असा उतरला, की जणू दूरदेशी गेलेल्या जिवलगाबद्दल बोलत असावी.

मग तिने सांगितलं. आतडी नाजूक, असं डॉक्टरांनी निदान केलं होतं. मोठं काही नव्हतं, पण रोजचा जाच होता. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला एक आहार दिला होता. त्याला लो फॉडमॅप म्हणतात. काही अन्नांत अशा साखरा असतात ज्या आपल्याला नीट पचत नाहीत. त्या तशाच पुढे आतड्यात जातात, तिथे आंबतात, वायू धरतो, पाणी ओढलं जातं. बऱ्याच जणांना त्याचं काही वाटत नाही. मैनेसारख्यांचं पोट मात्र ढोलासारखं होतं. कांदा, लसूण, गहू, सफरचंद… आणि कडधान्यं.

“म्हणजे जन्मभर चणे बंद?”

“नाही हो. जन्मभर कुणीच सांगत नाही. काही आठवडे बंद, मग एकेक करून थोडं थोडं परत सुरू करायचं. काय झेपतं, किती झेपतं, ते बघायचं.”

“मग तुमचे आठवडे कधी संपणार?”

मैनेने गाजर चावलं. बराच वेळ चावलं.

“संपलेत,” ती म्हणाली. “कधीच.”

त्याने भुवया उंचावल्या.

“आता बरं वाटतंय ना मला,” ती घाईने म्हणाली. “कशाला उगाच खाजवून खरूज काढायची?”

“पण चणे आवडतात.”

“खूप!”

“आणि थोडे चालतीलही कदाचित.”

“डबाबंद मिळतात ते चालतात म्हणे. ते पाण्यात मुरून मुरून त्यातली ती साखर पाण्यात उतरते. ते पाणी ओतून द्यायचं, चणे नळाखाली खळखळून धुवायचे, आणि पाव वाटी खायचे. पाव वाटीच. मसुराचंही तसंच. घरी शिजवायचे तर रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकायचं, भरपूर पाण्यात शिजवायचे, तेही पाणी टाकायचं…”

ती भडाभडा बोलत होती. तो मान कलती ठेवून ऐकत होता. पत्र्यावरचा पाऊस कधी ओसरला, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“तुम्हाला सगळं माहीत आहे,” तो हळूच म्हणाला. “फक्त पाव वाटी खायची राहिलीये.”

मैनेला राग आला. घरी जाताना, जेवताना, झोपताना, राग तसाच होता. बोलणं खरं असलं की राग लवकर उतरत नाही. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली ती पिशवीत शिजवलेल्या मसुरांचा एक सीलबंद डबा घेऊनच.

“चाळणी आहे का इथे?” तिने विचारलं.

त्याने चहाच्या ओट्यावरची सगळी कपाटं धुंडाळली. मसूर चाळणीत ओतल्यावर नळाखाली फेस आला, पांढरा, साबणासारखा. तो वाकून बघत राहिला.

“ही ती साखर?”

“फेस म्हणजेच साखर नव्हे. पण ती दिसत नाही, धुऊन जाते. अजून धुवा… अजून.”

“तुम्ही माझ्याकडून चांगलंच काम करून घेता हं.”

“बोलणं सोपं असतं. ज्याने डिवचलं त्यानेच धुवायचं.”

पाव वाटी मसूर, थोडं मीठ, थोडं लिंबू. एकाच वाटीत दोन चमचे. मैनेने डोळे मिटून पहिला घास घेतला. इतके दिवस जिभेला न भेटलेली ती मऊ, पिठूळ, मातीच्या वासाची चव… तिने डोळे उघडले तर तो चमचा हातात धरून नुसता तिच्याकडे बघत होता.

“तुम्ही नाही घेतलंत?”

“तुम्हाला बघण्यात राहून गेलं,” तो म्हणाला. मग स्वतःच गोंधळला आणि खोकला.

संध्याकाळी कानसेनचा फोन आला. “काय म्हणतंय?”

“कोण?”

“ज्याची चौकशी करायला फोन केलाय ते.”

“अच्छा! माझी नाही तर?”

“तुमची आडून करतोय… कळलं नाही का?”

मैना फोन कानाला धरून खिडकीशी उभी राहिली. पोट शांत होतं. छातीत मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं, आणि त्यासाठी आहारतज्ज्ञ बाईंनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

मसूर झेपले. आठवडाभर थांबून चणे झाले. मग जास्त घेऊन बघायची पाळी. अर्ध्या वाटी चण्यांनी दुपारभर पोटात वरात काढली आणि त्या दिवशीचं वाचन अर्ध्यावर थांबवावं लागलं. पूर्वी मैना रडकुंडीला आली असती. आता तिला गंमत वाटत होती. अर्धी नाही, पाव! तिचं गणित तिला सापडलं होतं. भीतीच्या जागी कधी कुतूहल येऊन बसलं, तिला कळलंच नव्हतं. दुकानात ती आता प्रत्येक डब्यामागचा मजकूर डोळे बारीक करून वाचायची. कडक टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, चालतो हे समजल्यावर तिने तो नाही नाही त्या पदार्थात घातला. लसूण तेलात परतून काढून टाकली तर नुसता स्वाद तेलात राहतो, बाधणारी साखर तेलात उतरत नाही, हे कळलं त्या दिवशी तर तिने घरी वहिनीला मिठीच मारली.

“एकदा माईक लावून ऐकू का हो?” कानसेन म्हणायचा. “शास्त्रासाठी.”

“मार खाल.”

“शास्त्रासाठी तेवढं सोसेन.”

आणि एका दुपारी तो तिच्या डब्यावर नजर ठेवून, जरा जास्तच सहज आवाजात म्हणाला, “बाबा म्हणत होते… रविवारी जेवायला आण म्हणून. तुम्हाला.”

मैनेचा चमचा हवेत थांबला.

“त्यांना मी सांगून ठेवतो, काय काय चालत नाही ते.”

“मुळीच नाही!” ती म्हणाली. “पहिल्याच भेटीत माझ्याआधी माझ्या आतड्यांची ओळख? नको. मी बघते ना काय ते. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. शपथ आहे.”

त्याला ते पटलेलं नव्हतं. पण शपथ होती.

बाबांनी सगळी उमर बंदरावर क्रेन चालवली होती. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात, म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि तिथलेच झाले. घर लहान, खिडकीत कुंड्या, टेबलावर इस्त्री केलेलं कापड, आणि मधोमध भलं मोठं पातेलं. बाबांनी झाकण काढलं. राजम्याचं दाट सूप. त्यात कांदा. त्यात लसूण. त्यात आणखी कांदा.



“सकाळपासून शिजतंय,” बाबा म्हणाले. “हा सांगत होता, पोरीला कडधान्यं फार आवडतात. म्हटलं, मग काय!”

मोठी पळी भरून त्यांनी ती बरोबर तिच्या खोलगट बशीवर आणून थांबवली आणि अलगद खाली सोडली. आयुष्यभर असेच अवजड पेटारे जहाजात उतरवले होते त्यांनी. मैनेने त्यांच्याकडे बघितलं. इतक्या आशेने बघणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणायचं? ती खात गेली. चव अशी, की डोळ्यांत पाणी यावं. टेबलापलीकडून कानसेन डोळ्यांनी खुणावत होता… थांबा. तिने नजर टाळली. बशी संपली तशी दुसरी पळी आली.

“बाबा, पुरे,” कानसेन म्हणाला.

“तू गप. ती म्हणतेय का?”

ती ‘पुरे’ म्हणाली नाही.

त्या संध्याकाळचं आणि दुसऱ्या दिवसाचं वर्णन न केलेलं बरं. मैना अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वहिनीने शेकायची पिशवी आणून दिली, उशाशी बसली आणि सगळं काढून घेतलं.

“अगं पण बोलायचंस ना!”

“काय बोलायचं, वहिनी? आज एक जेवण. उद्या रोज तेच टेबल. त्यांनी प्रेमाने वाढायचं आणि मी नाक मुरडायचं. कुणाला हवी असली सून?”

“सून?” वहिनीने मान वळवली. “अच्छा! म्हणजे गाडी तिथवर गेलीये.”

मैनेने पांघरूण डोक्यावर ओढलं.

फोन वाजला. कानसेन होता. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाकी होतं, आणि ती आली नव्हती.

“घसा बसलाय,” तिने सांगितलं.

“घसा ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “मी रोज ऐकतो तुमचा घसा. पोट दुखतंय ना?”

“हो.”

“मी शपथ मोडायला हवी होती. चुकलंच माझं.”

“तू कशाला चुकशील?” ती कळवळून म्हणाली, आणि आपण त्याला ‘तू’ म्हटलं हे तिला बोलून गेल्यावर उमगलं. गाल तापले. “हे बघ… पुस्तक मी पूर्ण करते. पण त्यानंतर… मला वाटतं आपण… थांबावं.”

“का?”

“माझ्याबरोबर जेवणं अवघड आहे.”

“मला अवघड नाही वाटलं कधी.”

“तुला नाही. पण घर म्हणजे तू एकटा नाहीस ना.”

त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, “बरी हो आधी. बाकी तू सांगशील तसं.” आणि त्यानेही ‘तू’ म्हटलं होतं. दोघांमधलं ते ‘तुम्ही’ गळून पडलं, तेही नेमकं थांबायच्या बोलण्यात. मैनेला त्या दिवशी त्याचंच जास्त रडू आलं.

पण बरं वाटायला लागलं तसं डोकंही चालायला लागलं. पाव वाटी झेपते आणि अर्धी नाही, हे तिने शोधलं होतं ना? मग बाबांना किती झेपतं, हे तिने कुठे शोधलं होतं? त्यांना न विचारताच तिने निकाल लावून टाकला होता. वहिनीला सांगून ती निघाली. कानसेन कामावर असेल अशी वेळ तिने मुद्दामच धरली.

बाबांनी दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं.

“अगं, तू? ये, ये. तो नाहीये घरी.”

“मी तुमच्याकडेच आलेय, काका.” ती दारातच उभी राहिली, कारण आत जाऊन बसली असती तर धीर गेला असता. “तुमचं सूप मला इतकं आवडलं, की काय सांगू. आणि त्यानंतर मी दोन दिवस आजारी होते. माझी आतडी नाजूक आहेत. कांदा, लसूण, राजमा… मला नाही झेपत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला… तुम्हाला आवडायचं होतं, म्हणून नाही सांगितलं.”

बाबांचा चेहरा पडला. हात पुसता पुसता ते खाली बघत राहिले.

“आणि या गाढवाने तोंडाला कुलूप लावलं होतं!”

“मीच शपथ घातली होती.”

“दुसरी पळी मी वाढली,” ते हळू आवाजात म्हणाले. “तो पुरे म्हणत होता, तरी वाढली. मला वाटलं, पोरगी लाजतेय.” त्यांनी मान वर केली. “माझ्या बायकोला मी कधी विचारलंच नाही, तुला काय आवडतं म्हणून. ती वाढायची, मी खायचो. आता वाटतं… विचारायला हवं होतं. तर आता विचारतो. तुला काय झेपतं?”

“मसूर,” मैना म्हणाली. “पाव वाटी. पाणी काढून टाकलेले.”

“पाणी का काढायचं?”

आणि मग ती आत गेली. बाबा विचारत होते, ती सांगत होती. पाण्यात काय उतरतं? तेलात का नाही उतरत? पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो आणि पांढरा नाही, हा काय प्रकार? कानसेनचं कुतूहल कुठून आलं, हे तिला आता समजलं. लसणीच्या पाकळ्या तेलात सोनेरी झाल्यावर बाबांनी चिमट्याने एकेक उचलून बाजूला ठेवल्या. “या मी खाईन,” ते म्हणाले. “वाया नाही जायच्या.” गाजर, टोमॅटो, थोडा बटाटा. वरून धुतलेले मसूर. स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरली.

दार वाजलं. कानसेन भिजून आला होता. त्याने आधी वास घेतला, मग ओट्यापाशी उभ्या मैनेला बघितलं, आणि जागच्या जागी थबकला.

“तू… इथे?”

“बाहेर ये जरा,” ती म्हणाली.

जिन्यात दोघं उभी राहिली. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा ओला आवाज येत होता. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

“मी फोनवर जे बोलले ना…” तिने सुरुवात केली, “ते मी माझ्या भीतीने बोलले. थांबायचं नाहीये मला. पथ्य आहे, ते राहील. पोट बिघडेल, मधूनमधून. कुणाकडे जेवायला गेलो तर आधी चौकशी करावी लागेल. मी चिडेन. हे सगळं आधीच सांगतेय.”

“बरं.”

“बरं काय? आणि… मला तू आवडतोस. खूप. हे पुस्तकातलं नाही, माझं आहे.”

तो ओली बाही पिळत राहिला. सगळं ऐकणारा हा माणूस नेमका आत्ताच बहिरा झाला की काय?

“अरे, ऐकलंस का?”

“ऐकलं,” तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. “परत म्हण ना. नीट नाही आलं.”

“खोटारडा!”

“हो. तरी म्हण.”

तिने म्हटलं. या वेळी अगदी जवळून, हळू… आणि त्याने ओल्या हातांनी तिचा चेहरा धरला, तेव्हा पावसाचा गार वास आणि लसणीच्या तेलाचा खमंग वास एकमेकांत मिसळून गेला.

“मलाही,” तो म्हणाला. “त्या गालिच्यावरून उठलो तेव्हापासून.”

“सूप निवतंय!” आतून बाबांची हाक आली.

टेबलाशी बसल्यावर बाबांनी पळी भरली. मैनेच्या बशीवर ती आणून थांबवली, आणि या वेळी तिच्याकडे बघितलं. पळी हळूहळू तिरकी होत गेली.

“पुरे,” मैना म्हणाली.

बाबांनी पळी लगेच सरळ केली. आग्रह नाही, रुसवा नाही. तिने पहिला चमचा तोंडात घेतला. टेबलाखाली एक हात येऊन तिच्या हातावर स्थिरावला, जरा अजून ओला. तिने तो घट्ट धरला, आणि उरलेलं सूप डाव्या हाताने खाल्लं.